प्राण कंठाशी : घटसर्पाचा इतिहास

आपल्या भाषेने शरीराच्या एका चिमुकल्या भागाला तीन नावे दिली आहेत. दुखतो तो घसा, दाबला जातो तो गळा, आणि गातो किंवा गहिवराने दाटून येतो तो कंठ. संकट परमावधीला पोचले म्हणजे आपण म्हणतो, प्राण कंठाशी आले. ही केवळ अलंकारिक बोली नव्हे. शरीरात उतरणारा घास आणि शरीरात शिरणारा श्वास यांचे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात ती जागा म्हणजे हा कंठ. पोटाला उपवास घडला तर माणूस कित्येक दिवस तग धरतो. श्वासाला उपवास घडला तर काही मिनिटांत सारे आटोपते. त्यातून लहान मुलाची श्वासनलिका जेमतेम त्याच्या करंगळीएवढी रुंद. तेवढ्या वाटेत थोडी सूज आली, थोडा पापुद्रा धरला, तरी ती बंद व्हायला वेळ लागत नाही.

या अरुंद वाटेवर शेकडो वर्षे दबा धरून बसलेल्या एका रोगाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. इंग्रजीत त्याला डिप्थीरिया म्हणतात, मराठीत घटसर्प. घटसर्प म्हणजे शब्दशः घड्यातला साप. नाव ज्याने कोणी दिले असेल त्याने ते मोठे समर्पक दिले आहे, कारण हा रोग खरोखरच विषाने मारतो. आपल्या शेतकरी श्रोत्यांना घटसर्प म्हटले की पावसाळ्याच्या तोंडावर गुराढोरांना होणारा, गळा सुजवून घोरघोर करीत जनावर पाडणारा रोग आठवेल. तो रोग वेगळा आणि त्याचा जंतूही वेगळा. परंतु दोन्ही रोगांत गळा सुजतो, श्वास घोरतो आणि मरण झपाट्याने येते, म्हणून लोकांनी दोघांना एकच नाव दिले असावे.

रोग जुना आहे. चरकाने आणि सुश्रुताने कंठरोगांचे वर्णन करताना ‘रोहिणी’ नावाचा एक विकार सांगितला आहे. जिभेच्या मुळाशी सूज येते, मांसाचे अंकुर वाढून गळ्याचा मार्ग रोधतात आणि प्राण जातात, असे त्याचे लक्षण आहे. सुश्रुताने तिचे पाच प्रकार मोजले. चरकाने असे सांगून ठेवले आहे की रोहिणी झालेला रोगी फार तर तीन रात्री जगतो; मात्र कुशल वैद्याने त्वरेने उपचार केल्यास तो लवकर बराही होतो. रोहिणी म्हणजे आजचा घटसर्पच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण गळा रोधणारे विकार अनेक आहेत. तथापि ‘त्वरेने’ हा जो शब्द त्या प्राचीन वैद्याने योजला, त्यातच या रोगाविषयीचे सारे शहाणपण सामावले आहे. दोन हजार वर्षांनंतरही त्यात बदल करण्याचे कारण पडलेले नाही. ग्रीक परंपरेतील वैद्य अॅरिटिअस यानेही इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत घशातील अशाच प्राणघातक व्रणांचे वर्णन केले. सिरिया व इजिप्त या देशांत ते फार आढळत म्हणून त्यांना त्या देशांची नावे पडली होती.

मध्यंतरीच्या शतकांत युरोपात रोगाने अनेकदा डोके वर काढले. स्पेनमध्ये गुन्हेगाराचा गळा आवळून त्याला देहान्त शासन देण्याचे एक यंत्र होते. त्या यंत्राच्या नावावरून स्पॅनिश लोकांनी या रोगाला ‘गारोतिल्यो’ म्हटले, आणि १६१३ हे साल त्यांच्या इतिहासात ‘गारोतिल्योंचे वर्ष’ म्हणून नोंदले गेले. १७३५ साली उत्तर अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर प्रांतातील किंग्स्टन गावी, घशाची एक साथ सुरू झाली आणि पुढील चारपाच वर्षे ती गावोगाव फिरत राहिली. एका त्या प्रांतातच हजाराहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत बहुतेक मुलेच होती. कित्येक घरांतील सगळीच्या सगळी भावंडे काही दिवसांच्या अंतराने गेली. रोग संसर्गजन्य आहे, एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो, हेही तेव्हा निश्चित माहीत नव्हते. तो ईश्वरी कोप समजून लोक उपास करीत आणि प्रार्थना म्हणत.

गळ्याच्या रोगापुढे राजा आणि रंक सारखेच असहाय होते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात बर्फपावसात घोड्यावरून आपल्या शेतीवर फेरी मारून आले. दुसऱ्या दिवशी घसा धरला. १४ डिसेंबरच्या पहाटे श्वास कोंडू लागला आणि त्याच रात्री त्यांचा अंत झाला. त्यांना बहुधा घटसर्प नव्हता; स्वरयंत्रावरील झाकणासारख्या पडद्याला आलेली तीव्र सूज असावी, असे आजचे पुष्कळ वैद्य मानतात. त्या एका दिवसात त्यांचे रक्त चार वेळा काढण्यात आले. उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांपैकी वयाने सर्वांत लहान असलेल्या एलिशा डिक याने गळ्याला खालच्या बाजूने छेद देऊन श्वासाला वाट करून द्यावी, असे सुचविले. थोरांनी ते मानले नाही. तो छेद यशस्वी झाला असताच असे नाही. परंतु जी वाट बंद होत होती तिच्याकडे बोट दाखविणारा त्या खोलीत तो एकच होता.

त्यानंतर अवघ्या आठ वर्षांनी, १८०७ साली, नेपोलियनचा लाडका पुतण्या गळ्याच्या अशाच विकाराने वारला. सम्राटाने या रोगावरील सर्वोत्तम निबंधाला बारा हजार फ्रँकांचे पारितोषिक जाहीर केले. निबंध पुष्कळ आले. रोग मात्र हटला नाही. पारितोषिकांच्या गर्दीपासून दूर, फ्रान्समधील तूर या गावी पिएर ब्रेतोनो नावाचा एक डॉक्टर होता. त्याच्या भागात १८१८ च्या सुमारास साथ आली तेव्हा त्याने बुद्धीला पटेल असा एकच मार्ग धरला. जे रोगी वाचत नसत त्यांची शवे तो स्वतः तपासी. घशात, टाळूवर, श्वासनलिकेत त्याला सर्वत्र एकच वस्तू दिसली : करडा, चिवट, कातड्यासारखा पापुद्रा. लोक ज्यांना वेगवेगळे रोग समजत होते ते एकाच रोगाचे अवतार आहेत, आणि हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असे त्याने प्रतिपादिले. १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने या रोगाला नाव दिले ते कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. डिप्थीरिया हे नाव त्यातूनच आले.

परंतु ब्रेतोनोची खरी कसोटी ग्रंथात लागली नाही. १८२५ च्या जुलै महिन्यात त्याच्या एका मित्राची चार वर्षांची मुलगी या रोगाने गुदमरू लागली. तिची भावंडे याच रोगाने आधी गेलेली होती. गळ्याला छेद देण्याचे ब्रेतोनोचे पूर्वीचे प्रयत्न फसले होते. तरीही त्याने शस्त्र हाती घेतले, श्वासनलिका उघडली, तीत नळी बसविली आणि मूल वाचले. त्याचा शिष्य त्रूसो याने पॅरिसमध्ये ही शस्त्रक्रिया शेकडो मुलांवर केली. त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा वाचला. आज हा आकडा ऐकून आपण हळहळतो. त्या काळी मात्र ज्यांचे मरण निश्चित समजले जाई अशा चार मुलांतील एक घरी परत जाणे म्हणजे मोठा विजय होता. पुढे १८८५ साली न्यूयॉर्कमधील अनाथ बालकांच्या रुग्णालयात जोसेफ ओड्वायर या डॉक्टराने छेद न देता तोंडावाटेच स्वरयंत्रात नळी बसविण्याची युक्ती सिद्ध केली. आज प्रत्येक शस्त्रक्रियागृहात भूल देताना जी नळी घातली जाते, तिच्या पूर्वजांत ओड्वायरच्या या नळीची गणना करावी लागते.

तरीही एक कोडे उरलेच होते. श्वासाला वाट करून दिल्यावरही पुष्कळ मुले मरत. काहींचे हृदय आठपंधरा दिवसांनी अचानक थांबे. काहींची टाळू लुळी पडे आणि प्यालेले पाणी नाकावाटे बाहेर येई. रोग गळ्यात आणि आघात हृदयावर, हे कसे?

या कोड्याचे उत्तर सापडण्यापूर्वी रोगाने एका राजघराण्यावरही घाला घातला. १८७८ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील डार्मस्टाट येथे हेसचे जवळजवळ सारे राजकुटुंब अंथरुणाला खिळले. विक्टोरिया राणीची कन्या अॅलिस ही त्या घरची गृहिणी. तिने एकामागून एक आजारी पडलेल्या पतीची व मुलांची शुश्रूषा केली. चार वर्षांची धाकटी मुलगी गेली. ही बातमी कळल्यावर शोकाकुल झालेल्या मुलाला तिने जवळ घेऊन त्याचा मुका घेतला आणि त्यातच तिला रोग जडला, असे सांगितले जाते. १४ डिसेंबरला तिचाही अंत झाला. राजवाडा, राजवैद्य, स्वच्छ हवा, उत्तम अन्न, सारे काही होते. एक औषध तेवढे जगात कोठेच नव्हते.

उत्तराचा माग लागला तो पुढील बारा वर्षांत. १८८३ साली एडविन क्लेब्स याला घशातील पापुद्र्यात एक काठीसारखा जंतू दिसला. १८८४ साली बर्लिन येथे रॉबर्ट कॉखचा सहकारी फ्रीडरिश लोफ्लर याने तो जंतू वेगळा वाढवून दाखविला. लोफ्लरने दोन चमत्कारिक गोष्टी प्रामाणिकपणे नोंदल्या. पहिली ही की, हा जंतू एका निरोगी मुलाच्या घशातही सापडला. म्हणजे स्वतः आजारी नसलेला माणूसही रोग वाहून नेऊ शकतो. दुसरी अशी की, जंतू टोचलेल्या प्राण्याच्या आतील इंद्रियांची दुर्दशा झालेली असे, पण जंतू मात्र टोचलेल्या जागेपलीकडे गेलेला नसे. तेव्हा जंतू एखादे विष निर्माण करीत असावा आणि ते विष रक्तावाटे दूरवर जात असावे, असा तर्क त्याने केला.

तो तर्क सिद्ध केला पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एमिल रू आणि अलेक्सांद्र येर्सें या दोघांनी. १८८८ साली त्यांनी जंतू वाढविलेला रस चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. गाळणीखाली उतरलेल्या रसात एकही जंतू नव्हता. तरीही तो टोचताच प्राणी मेले, आणि लुळेपणाही आला. घड्यातला साप सापडला होता.

साप सापडल्यावर उतारा शोधणे क्रमप्राप्तच होते. १८९० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये एमिल बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ किटासाटो शिबासाबुरो यांनी एक नवाच सिद्धान्त मांडला. किटासाटोचे काम मुख्यतः धनुर्वातावर होते, बेरिंगचे घटसर्पावर. ज्या प्राण्याला विषाची थोडथोडी मात्रा देऊन ते पचविण्याची सवय लावली आहे, त्याच्या रक्तातील पातळ भाग दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तो दुसराही त्या विषापासून बचावतो, असे त्यांना आढळले. या रक्तद्रवात, म्हणजे सीरममध्ये, विषाचा नाश करणारा पदार्थ असतो. त्याला त्यांनी प्रतिविष म्हटले. पण प्रयोगशाळेतील सशाचे थेंबभर सीरम आणि हजारो मुलांची गरज यांत मोठे अंतर होते. ते पॉल एर्लिखने मोजमापाची शिस्त लावून आणि रूने घोड्यांची निवड करून तोडले. घोडा मोठा, सोशिक, आणि रक्ताने समृद्ध. त्याला महिनोन् महिने वाढत्या मात्रेत विष द्यावयाचे आणि मग त्याचे रक्त काढून सीरम वेगळे करावयाचे, ही पद्धत रूढ झाली.

१८९४ साली रूने पॅरिसमधील बालरुग्णालयात घटसर्पाच्या प्रत्येक मुलाला सीरम देण्यास आरंभ केला. त्याच शहरातील दुसऱ्या एका रुग्णालयात, जुन्या उपचारांखाली, त्या महिन्यांत शंभरातील साठ मुले मरत होती. सीरम दिलेल्या रुग्णालयात पूर्वी निम्मी मुले मरत; ते प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर आले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात बुडापेस्ट येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत रूने हे आकडे वाचून दाखविले आणि युरोपभर खळबळ उडाली. फ्रान्समध्ये वृत्तपत्राने वर्गणी सुरू केली. लोकांनी पैसे दिले, आणि घोड्यांचे तबेले उभे राहिले. १९०१ साली वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक बेरिंगला मिळाले. किटासाटोचा त्यात वाटा नव्हता, ही गोष्ट आशियातील आपल्यासारख्यांना आजही खटकते.

याच कथेतील दोन पात्रांची आपल्या मुंबईच्या इतिहासाशीही गाठ पडते. येर्सें आणि किटासाटो हे दोघे १८९४ साली हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधण्यासाठी स्वतंत्रपणे गेले. दोनच वर्षांनी तो प्लेग मुंबईत उतरला आणि त्याच पाश्चर संस्थेत काम केलेले हाफकिन मुंबईत येऊन लस तयार करू लागले. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेला पुढे १९२५ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

सीरमचे युग निर्वेध मात्र नव्हते. १९०१ साली अमेरिकेत सेंट लुइस येथे जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला. तो उघडकीस येण्यापूर्वी काढलेले त्याचे सीरम वापरात आले आणि तेरा मुले धनुर्वाताने गेली. जे औषध म्हणून दिले त्यानेच मुले मारली. यातून १९०२ साली अमेरिकेत जैविक औषधांच्या निर्मितीवर सरकारी नियंत्रण आणणारा कायदा झाला. औषधाच्या प्रत्येक खेपेची परीक्षा झाली पाहिजे, हा नियम आज आपण गृहीत धरतो. त्याची किंमत त्या तेरा घरांनी मोजलेली आहे.

शिवाय प्रतिविष हे झालेल्या रोगावरचे औषध. ते वेळेवर मिळाले नाही तर व्यर्थ, आणि त्याचा प्रभावही काही आठवडेच टिकतो. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम या हिमवेष्टित गावी घटसर्प आला तेव्हा ही उणीव जगाने पाहिली. बंदर गोठलेले, विमान उडविणे अशक्य, जवळचे रेल्वेचे ठाणे हजाराहून अधिक किलोमीटर दूर. वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी हाडे गोठविणाऱ्या थंडीत, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत, सीरमची पेटी साडेपाच दिवसांत नोमला पोचविली. बाल्टो आणि टोगो या कुत्र्यांची नावे त्यामुळे अजरामर झाली. कथा रोमहर्षक आहे खरी. परंतु प्रत्येक आजारी मुलासाठी अशी शर्यत लावावी लागणे हे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही.

त्याला पर्याय तोपर्यंत सापडला होता. १९२३ साली फ्रान्समध्ये गास्ताँ रामाँ याने घटसर्पाच्या विषावर फॉर्मॅलिन व सौम्य उष्णता यांची प्रक्रिया केली. विषाचा दंश गेला. पण शरीराला त्याची ओळख पटविण्याचा गुण राहिला. दात पाडलेला साप दाखवून शरीराला सापाची ओळख करून द्यावी, तसाच हा प्रकार. हीच घटसर्पाची लस. इंग्लंड व वेल्समध्ये १९४० साली घटसर्पाचे ४६ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे अडीच हजार मृत्यू झाले. युद्धाच्या धामधुमीतही तेथे मुलांना मोफत लस टोचण्याची मोहीम झाली. १९५७ साली रुग्णांची संख्या पन्नाशीच्या आत आली होती.

गळ्याच्या इतिहासात घटसर्प हे एकच प्रकरण नाही. स्वरयंत्र प्रथम नीट पाहिले ते एका गायनशिक्षकाने. मानुएल गार्सिया याने १८५४ साली दोन लहान आरसे आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःच्याच कंठातील स्वरतंतू हलताना पाहिले आणि डॉक्टरांना एक नवा डोळा दिला. तरीही हा डोळा नेहमीच पुरत नाही. जर्मनीचा युवराज फ्रीडरिख याचा आवाज १८८७ च्या आरंभी बसला. कर्करोग की साधी गाठ यावर डॉक्टरांत वाद झाला आणि महिने गेले. तो सम्राट झाला तेव्हा गळ्यात नळी होती, बोलणे चिठ्ठीवर लिहून करावे लागे, आणि ९९ दिवसांत त्याचे राज्य संपले. त्याच सुमारास, १८८६ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या देशात रामकृष्ण परमहंस यांनी घशाच्या कर्करोगानेच काशीपूर येथे देह ठेवला. तंबाखूचे व्यसन सर्वत्र पसरलेल्या आपल्या देशात तोंडाचा व घशाचा कर्करोग हा आज मोठा शत्रू आहे. म्हणून तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला, गिळताना सतत अडू लागले, किंवा मानेत न दुखणारी गाठ आली, तर घसा तज्ज्ञाकडून तपासून घेतलाच पाहिजे.

साध्या वाटणाऱ्या घसादुखीचीही एक बाजू अशी आहे. सर्दी, शिंका, खोकला यांच्याबरोबर येणारी बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपोआप जाते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, विश्रांती, भरपूर पाणी, एवढे तिला पुरते. प्रतिजैविक औषधांचा तिच्यावर काही उपयोग होत नाही. परंतु स्ट्रेप्टोकॉकस नावाचा एक जंतू मुलांच्या टॉन्सिलना पछाडतो. तेव्हा ताप जोराचा असतो, खोकला नसतो, टॉन्सिल लाल होऊन त्यांवर पांढरे ठिपके दिसतात आणि जबड्याखालच्या गाठी दुखतात. हा घसा बरा होतो. पण दोनतीन आठवड्यांनी काही मुलांना सांधे सुजविणारा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. १९५० च्या सुमारास अमेरिकन सैनिकांवर झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की घशाच्या दुखण्यात वेळीच पेनिसिलिन दिले तर हे हृदयाचे संकट टळते. म्हणून डॉक्टराने दिलेले औषध दोन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडू नये. सांगितलेले दिवस पुरे करावे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात १९७८ साली विस्तारित लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९८५ पासून तो सार्वत्रिक करण्यात आला. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिघांवरची त्रिगुणी लस गावागावांत पोचली. २०११ पासून टप्प्याटप्प्याने तिची जागा पाच रोगांवरच्या लसीने घेतली. १९६६ साली पुण्यात घोड्यांच्या पैदाशीचा व्यवसाय असलेल्या पूनावाला कुटुंबाने सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना केली. तेथील लसी आज जगभरातील मुलांना टोचल्या जातात. रूच्या तबेल्यापासून निघालेला हा धागा असा आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

इतके असूनही घटसर्प गेलेला नाही, हे सांगण्यासाठीच ही सारी कहाणी आपल्यापुढे मांडली. सोव्हिएत संघ कोसळला, लसीकरणाची घडी विसकटली, आणि १९९० ते १९९८ या काळात त्या देशांत दीड लाखाहून अधिक लोकांना घटसर्प झाला व सुमारे पाच हजार दगावले. त्यांत प्रौढ माणसेही पुष्कळ होती. जगात नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी मोठा हिस्सा अनेक वर्षे आपल्या भारताचा राहिला आहे. २०१६ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात रोग उद्भवला. साक्षरतेत आघाडीवर असलेल्या राज्यातही लसीवाचून राहिलेल्या मुलांना त्याने गाठले. २०१८ साली दिल्लीत वीसहून अधिक मुले गेली, तेव्हा प्रतिविषाचा तुटवडा होता. रोग विरळा झाला म्हणजे त्याचे औषधही विरळे होते, हा या इतिहासातला सर्वांत कटू धडा आहे.

आणखी एक बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. पूर्वी हा रोग तान्ह्या व लहानग्या मुलांचा समजला जाई. आता आपल्याकडे शाळकरी वयाची आणि त्याहून मोठी मुलेही त्याला बळी पडतात. कारण उघड आहे. तान्हेपणी दिलेल्या लसीचे बळ वर्षांगणिक ओसरते. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या तीन मात्रा बहुतेक आईबाप चुकवीत नाहीत. पण दीड ते दोन वर्षांची, पाच-सहा वर्षांची, आणि मग दहाव्या व सोळाव्या वर्षीची मात्रा विस्मरणात जाते. मूल धडधाकट दिसते, शाळेत जाऊ लागलेले असते, आणि कार्ड कोठेतरी पेटीच्या तळाशी पडलेले असते. ती पेटी उघडून कार्ड पाहणे, हे या भाषणानंतर प्रत्येक घरात करण्यासारखे काम आहे.

घटसर्प ओळखावा कसा? तो कित्येकदा गाजावाजा न करता येतो. ताप बेताचाच असतो. पण मूल मलूल होते. घशात करडा किंवा मळकट पांढरा पापुद्रा दिसतो, तो घट्ट चिकटलेला असतो, आणि ओढू गेल्यास रक्त येते. तो ओढून काढण्याच्या भरीस पडू नये. मान दोन्ही बाजूंनी बैलाच्या मानेसारखी सुजते, आवाज घोगरा होतो, श्वास घेताना घरघर होते. अशा वेळी गुळण्या, लेप, किंवा पडजीभ बोटाने दाबून वर सारणे, यांत एक तासही दवडू नये. मोठ्या रुग्णालयात नेताच डॉक्टर तपासणीच्या अहवालासाठी न थांबता प्रतिविष देतात. कारण इंद्रियांना जाऊन भिडलेले विष परत खेचून आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही औषधात नाही. वाटेतले विष तेवढे थोपविता येते. पेनिसिलिन जंतू मारते, विष मारीत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचे प्रतिविष आणि पाचव्या दिवसाचे प्रतिविष यांत जीवनमरणाचे अंतर पडते. घरातील इतरांनाही औषध व लस घ्यावी लागते.

घटसर्प असो वा नसो, काही लक्षणे दिसताच रात्री-अपरात्रीही रुग्णालय गाठावे. श्वास घेताना छातीच्या फासळ्या आत ओढल्या जाणे, ओठ निळे पडणे, स्वतःची लाळही गिळता न येऊन ती गळत राहणे, तोंड उघडता न येणे, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा होणे, ही ती लक्षणे होत. असे मूल पुढे वाकून बसू पाहते. त्याला तसेच बसू द्यावे, बळेच आडवे करू नये आणि चमचा घालून घसा पाहू नये. त्याने आधीच अरुंद झालेली वाट एकदम मिटण्याचा धोका असतो.

ब्रेतोनोने चार वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद दिला त्याला आता दोनशे वर्षे झाली. त्या दोन शतकांत किती माणसांनी किती प्रकारे या अरुंद वाटेवर पहारा दिला! कोणी शवे तपासली, कोणी रस गाळले, कोणी बर्फातून गाडी हाकली. आणि तबेल्यातल्या घोड्यांनी आपले रक्त दिले. त्या सर्वांच्या श्रमाचे सार आज एका लहानशा सुईत मावते, आणि ती सुई सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. चरकाने वैद्याला त्वरा करावयास सांगितले होते. आजच्या काळात ती त्वरा वैद्याच्याही आधी आईबापांनी करावयाची आहे, मूल हसतखेळत असतानाच, प्राण कंठाशी येण्याची वाट न पाहता.